एजंटने फसवलं तर महारेरात तक्रार कशी करायची, आणि मुळात टोकन द्यायच्या आधी काय काय तपासायचं

माझ्या मामेभावाकडे अजून ते व्हिजिटिंग कार्ड आहे. मागच्या बाजूला निळ्या पेनाने लिहिलंय "५१,००० मिळाले", खाली एक सही, बस. तारीख नाही, फ्लॅट नंबर नाही, प्रोजेक्टचं नाव पण नाही. बदलापूरच्या पुढे एक बिल्डिंग होणार होती, एजंट म्हणाला प्री-लाँच रेट आहे, रेरा नंबर (प्रोजेक्टच्या सरकारी नोंदणीचा) पंधरा दिवसांत येतोय, आज टोकन टाकलंत तर वीस टक्के कमीत बसतो, आणि भावाने तिथेच साइटवर उभं राहून यूपीआय केलं, ते पण बिल्डरच्या नाही तर एजंटच्या पर्सनल अकाउंटला. पंधरा दिवसांचे पाच महिने झाले. त्या पाच महिन्यांत मी हा सगळा कायदा बसून वाचला, लोकांना विचारलं, आणि शेवटी पैसे परत आले तेव्हापासून सोसायटीत कोणी घर घ्यायला निघालं की मी आधी हेच सांगत बसतो. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

पहिली गोष्ट, एजंट हा आपल्याकडे आता कोणीही उठून होता येत नाही. २०१६ चा रेरा, म्हणजे घरांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा, आहे केंद्राचा, तो पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून, पण प्रत्यक्ष अंमलबजावणी राज्याराज्याची वेगळी. आपल्याकडे ते काम महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाकडे. कायद्यात एजंटची व्याख्या भरपूर मोठी ठेवलीय, म्हणजे प्रॉपर्टी डीलर, ब्रोकर, मध्यस्थ, नाव काहीही असो, जो कोणी दोन पार्ट्यांची गाठ घालून देतो आणि त्याचे पैसे घेतो तो एजंट. आजकाल चॅनल पार्टनर म्हणतात, कोणी स्वतःला प्रॉपर्टी कन्सल्टंट म्हणवतं, कोणी नुसता इन्स्टाग्रामवर रील टाकून लीड घेतो. नाव बदललं म्हणून सुटका नाही, कारण व्याख्येत कुठल्याही माध्यमातून ओळख करून देणारा पण येतो.

आता नोंदणीचं. महाराष्ट्रात एकट्या माणसाला एजंट म्हणून नोंदणी करायची तर फी १०,००० रुपये, कंपनी किंवा फर्म असेल तर १ लाख, आणि नोंदणी ५ वर्षं चालते. ही ५ वर्षं लक्षात ठेवा, कारण २०१७-१८ ला नोंदणी केलेले बरेच जण पुढे रिन्यूच करत नाहीत आणि जुन्या सर्टिफिकेटची लॅमिनेटेड कॉपी भिंतीवर तशीच लटकत असते. फॉर्म जी मध्ये अर्ज, फॉर्म एच मध्ये सर्टिफिकेट. त्याच्यावर नंबर असतो जो इंग्रजी ए अक्षराने सुरू होतो, आणि प्रोजेक्टचा नंबर पी ने सुरू होतो. एजंटला नंबर विचारला की बरेचदा तो प्रोजेक्टचाच नंबर दाखवतो, "हा घ्या रेरा नंबर" म्हणून. तो बिल्डरचा झाला, तुमचा दाखवा म्हणायचं. लाज वाटून घ्यायची नाही, आपण आयुष्यभराची कमाई घालतोय.

नंबरच्या जोडीला आणखी एक कागद मागायचा, कॉम्पिटन्सी सर्टिफिकेट. महारेराने जानेवारी २०२३ मध्ये आदेश काढला की एजंटने ट्रेनिंग घेऊन परीक्षा पास व्हायचं, पहिली परीक्षा मे २०२३ ला झाली, मुदती वाढत वाढत १ जानेवारी २०२४ पासून ते सगळ्यांना सक्तीचं झालं. त्यानंतर ज्यांनी सर्टिफिकेट वेबसाइटवर चढवलं नाही त्यांच्यावर कारवाई झाली, हजारो एजंटांची नोंदणी निलंबित झालीय. म्हणजे नंबर खरा असूनही माणूस आजच्या तारखेला काम करायला पात्र नसू शकतो. म्हणून कागद बघून थांबू नका, वेबसाइटवर स्वतः नाव टाकून बघा. महारेराच्या साइटवर नोंदणीकृत एजंट असा भाग आहे, नावाने किंवा नंबरने शोधता येतं. नाव, पत्ता, मुदत कधीपर्यंत, एवढं जुळवून घ्या. कार्डावर एका माणसाचं नाव, नोंदणी दुसऱ्याच्या नावावर, आणि "ते आमचे सर आहेत" असं ऐकायला मिळालं तर सरांचं लेखी पत्र मागा की हा माझ्याकडे काम करतो. नसेल तर पुढे जाऊ नका.

दुसरं तपासायचं ते प्रोजेक्ट. कायद्याचं कलम १० स्पष्ट आहे, ज्या प्रोजेक्टला नोंदणी लागते आणि ती झालेली नाही त्यातला फ्लॅट एजंटने विकायलाच नको. नोंदणी कुठे लागत नाही? जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट ८ किंवा त्याहून कमी असतील तिथे. बाकी कुठल्याही नव्या प्रोजेक्टमध्ये नंबर येण्याआधी जाहिरात, बुकिंग, टोकन काहीच चालत नाही, त्याला प्री-लाँच म्हणा, ईओआय (नुसती 'इच्छा नोंदवा' म्हणून पैसे घेणं) म्हणा, फॅमिली अँड फ्रेंड्स ऑफर म्हणा. "नंबर येतोय" हे वाक्य ऐकलं की पाकीट खिशात ठेवायचं. आणि जाहिरातीवर क्यूआर कोड आहे का बघायचा, १ ऑगस्ट २०२३ पासून तो सक्तीचा आहे आणि नसला तर ५०,००० पर्यंत दंड आहे. तो मोबाइलने स्कॅन करा. दिसायला चौकोन आहे म्हणून समाधान मानू नका, कारण मी स्वतः एका फ्लेक्सवर स्कॅन केला तर बिल्डरच्या स्वतःच्या ब्रोशरची पीडीएफ उघडली. खरा कोड थेट महारेराच्या पानावर त्या प्रोजेक्टची माहिती उघडतो.

इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. नंबर असला म्हणजे सगळं ठीक असं पण नाही. कल्याण डोंबिवलीत ६५ इमारतींचं प्रकरण झालं, महापालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून रेरा नोंदणी मिळवलेली, लोकांनी नंबर बघून घरं घेतली, लोन घेतली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायचा आदेश दिला. त्यात राहणाऱ्या माणसांची चूक काय होती सांगा. त्यामुळे महारेराच्या पानावर सीसी म्हणजे बांधकाम परवानगी बघितली की तिचा नंबर घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात एकदा चौकशी कराच. एक दिवस जातो, सुट्टी टाकावी लागते, टाका. एजंटला पण सांगा की मला ही कागदपत्रं हवीत, कारण बुकिंगच्या वेळी गिऱ्हाइकाला सगळी माहिती आणि कागद मिळवून देणं हे कलम १० मध्ये त्याचंच काम म्हणून लिहिलंय, उपकार नाहीत.

पैशाबद्दल थोडक्यात. टोकन कधीच एजंटच्या खात्यात नाही. १ जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या प्रोजेक्टला एकाच बँकेत तीन खाती ठेवावी लागतात आणि ग्राहकाचे सगळे पैसे त्यातल्या पहिल्या कलेक्शन खात्यातच जायला हवेत, त्याच खात्याच्या नावाने चेक. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. ब्रोकरेज किती हे कायदा ठरवत नाही, बाजारात साधारण एक ते दोन टक्के चालतं, ते आधीच मेसेजवर किंवा मेलवर लिहून घ्या, जीएसटी धरून की वरून ते पण, आणि बिलाशिवाय द्यायचं नाही. बिलावर त्याचा रेरा नंबर असायला हवा. अ‍ॅलॉटमेंट लेटरमध्ये (फ्लॅट तुमच्या नावे ठेवल्याचं बिल्डरचं पत्र) आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये पण एजंटचं नाव आणि नंबर घालून घ्या, कारण नंतर "मी तर फक्त साइट दाखवली" हे उत्तर हमखास येतं.

आता समजा फसलात. काय करायचं?

सगळ्यात आधी फोन करणं थांबवा. खरंच. आपण चिडून फोनवर भांडतो, तो गोड बोलतो, पुढचा सोमवार सांगतो आणि आपल्या हातात काहीच राहत नाही. त्याच दिवसापासून सगळं लेखी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधं वाक्य टाकायचं, "अमुक तारखेला अमुक प्रोजेक्टमधल्या अमुक फ्लॅटसाठी मी तुम्हाला इतके रुपये दिले, तुम्ही सांगितलं होतं की रेरा नंबर पंधरा दिवसांत येईल, तो आला नाही, पैसे परत कधी करताय?" तो "हो सर करतो" असं काहीतरी उत्तर देतोच, आणि ते उत्तर म्हणजे कबुली. माझ्या भावाच्या केसमध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या मागच्या बाजूला कोणी विचारलं नसतं, पण "दादा थोडं थांबा बिल्डर कडून आले की देतो ५१" हा एक मेसेज सोन्यासारखा निघाला, त्यात रक्कम पण आली आणि पैसे घेतल्याचं पण आलं. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून मेलवर टाकून ठेवा, फोन बदलला की जातं सगळं. बँक स्टेटमेंटची ती ओळ, जाहिरातीचा फोटो, फ्लेक्सचा फोटो, साइट व्हिजिटच्या दिवशीचे फोटो, सगळं एका फोल्डरमध्ये तारखेनुसार.

मग एक नोटीस. वकील लागतोच असं नाही, साध्या मराठीत एक पान लिहून रजिस्टर पोस्टाने आणि मेलने पाठवलं तरी चालतं, फक्त कलमं बरोबर टाका. नोंदणी नसताना विकलं तर कलम ९. नोंदणी नसलेल्या प्रोजेक्टमधला फ्लॅट विकला, खोटी माहिती दिली, नसलेली परवानगी आहे म्हणून सांगितलं तर कलम १०. आणि दोन्हीची शिक्षा कलम ६२ मध्ये, ती म्हणजे चूक चालू असेपर्यंत दर दिवसाला १०,००० रुपये, जास्तीत जास्त त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. ६० लाखांच्या फ्लॅटवर ५ टक्के म्हणजे ३ लाख, रोजच्या १०,००० ने तीस दिवसांत तेवढे होतात. एजंटला हा हिशोब नोटिशीत करून दाखवा. १५ दिवसांची मुदत द्या. आमच्याकडे नोटीस मिळाल्यापासून अठराव्या दिवशी पैसे आले, तक्रार करायची वेळच आली नाही. पण सगळ्यांचं असं होईल असं नाही.

नाही आले तर तक्रार, कलम ३१ खाली. तिथे एजंटविरुद्ध तक्रार करता येते हेच कित्येकांना माहीत नसतं, लोकांना वाटतं महारेरा म्हणजे फक्त बिल्डरसाठी. महारेराच्या पोर्टलवर तक्रारदार म्हणून लॉगिन तयार करा, फॉर्म ए भरा, फी ५,००० रुपये ऑनलाइन. समोरची पार्टी म्हणून एजंट निवडा, आणि प्रकरणात बिल्डरचा पण हात असेल, म्हणजे त्याचंच ब्रोशर होतं, त्याच्याच ऑफिसात बोलणं झालं, तर बिल्डरलाही पार्टी करा. एकट्या एजंटला पार्टी केलं की तो बिल्डरकडे बोट दाखवतो. खोट्या जाहिरातीवर विश्वास ठेवून पैसे दिले तर भरपाई आणि रिफंडचं कलम १२ आहे, ते बिल्डरवर लागतं, म्हणूनही तो समोर असलेला बरा.

फॉर्ममध्ये हकिगत लिहिताना मनातला राग लिहू नका, तारखा लिहा. पहिली ओळ कोणी कधी काय सांगितलं, दुसरी ओळ मी कधी किती दिले, तिसरी ओळ काय झालं नाही. प्रत्येक ओळीपुढे पुराव्याचा नंबर.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला पण खूप उशिरा कळलं. एजंटला जो दंड होतो तो तुम्हाला मिळत नाही! तो सरकारजमा होतो. लोक फॉर्ममध्ये मागणी म्हणून फक्त "एजंटवर कडक कारवाई व्हावी" एवढंच लिहितात, मग आदेश येतो, दंड होतो, आणि आपले पैसे तिथेच. म्हणून मागण्या सुट्या सुट्या लिहा. एक, माझे टोकनचे आणि ब्रोकरेजचे इतके रुपये व्याजासह परत करण्याचे निर्देश द्यावेत. दोन, कलम ६२ खाली दंड करावा. तीन, कलम ९ च्या उपकलम ७ खाली याची नोंदणी निलंबित किंवा रद्द करावी. तिसरी मागणी एजंटला सगळ्यात जास्त बोचते असं माझं मत आहे, कारण दंड भरून माणूस उद्या परत धंदा करतो, नोंदणी गेली की कुठलाही कायद्याने चालणारा बिल्डर त्याला दारात उभं करत नाही. नोंदणी रद्द करण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, ते बरोबरच आहे, चुकीच्या तक्रारीत कोणाची भाकरी जायला नको.

सुनावणी बहुतेक व्हिडिओ कॉलवर होते, त्यामुळे नाशिक सोलापूरहून किंवा दुबई, अमेरिकेतून पण हजर राहता येतं, बाहेरगावच्या मराठी लोकांनी हे नक्की लक्षात ठेवा. स्वतः बोलू शकता, वकील किंवा सीए देऊ शकता, कायद्यात दोन्ही आहे. रक्कम छोटी असेल तर मी म्हणेन स्वतः बोला, तारखा पाठ असल्या की पुरतं. मध्येच सलोखा मंचाचा पर्याय विचारला जातो, ग्राहक संघटना आणि बिल्डर संघटनांचे लोक बसून समेट घडवतात, समोरचा पैसे द्यायला तयार असेल आणि फक्त हप्ते मागत असेल तर तो मार्ग चांगला, पण समेट लेखी आणि तारखांसकट करा.

आदेश झाला आणि तरी त्याने पाळला नाही तर परत दररोजचा दंड, कलम ६५, ५ टक्क्यांपर्यंत. पैशाची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते, म्हणजे महारेरा वॉरंट काढते आणि ते कलेक्टर ऑफिसमार्फत तहसीलदाराकडे जातं. इथे मात्र पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो, वॉरंट निघालं म्हणून घरी बसून राहिलात तर फाइल खाली खाली जाते. एजंटची मालमत्ता कुठे आहे, ऑफिस स्वतःचं की भाड्याचं, गाडी कोणती, ही माहिती तहसील कार्यालयाला तुम्ही लेखी दिलीत तर काम हलतं. आदेश पटला नाही तर ६० दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणात जाता येतं, आणि त्यांचा आदेश एजंटने मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, किंवा किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नोंदणीच नसलेला एजंट असेल तर त्याची माहिती महारेराला लेखी कळवा, तुम्ही त्याच्याकडून काही घेतलं नसलं तरी. प्राधिकरण स्वतःहून दखल घेऊन चौकशी करू शकतं, कलम ३५. तुमच्या एका मेलने पुढचे दहा जण वाचतात.

हे सगळं कुठे चालत नाही ते पण सांगतो, नाहीतर ५,००० फुकट जातील. भाड्याच्या घराचा एजंट रेरात येत नाही, रेरा विक्रीपुरता आहे. जुन्या सोसायटीतला रिसेल फ्लॅट, ज्याला कधी रेरा नंबरच नव्हता, तो पण नाही. अशा ठिकाणी एजंटने पैसे घेऊन सेवा दिली नाही तर ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत, जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या केसेस चालतात, आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. आधी १९१५ हेल्पलाइनला फोन करून बघा. आणि माणूस पैसे घेऊन गायबच झाला, एकच फ्लॅट चौघांना दाखवून चौघांकडून टोकन घेतलं, तर सरळ पोलीस स्टेशन, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आणि ३१६ विश्वासघाताचं. पोलीस म्हणाले "हे सिव्हिल मॅटर आहे, रेरात जा", तर लेखी तक्रार देऊन पोच घ्या. पोच दिल्याशिवाय उठायचं नाही.

गोव्यात घर घेत असाल तर तिथलं रेरा वेगळं आहे. कायदा एकच पण एजंटची नोंदणी त्या त्या राज्यापुरती असते, त्यामुळे पुण्याचा एजंट तुम्हाला म्हापशाचा फ्लॅट दाखवत असेल तर त्याच्याकडे गोव्याची पण नोंदणी हवी, आणि तक्रार पण तिकडेच करायची.

शेवटचं, या रविवारी कोणी साइट व्हिजिटला जाणार असेल तर जाण्याआधी रात्री एजंटला एवढा एकच मेसेज टाका: "तुमचा महारेरा एजंट नंबर, कॉम्पिटन्सी सर्टिफिकेटचा फोटो आणि प्रोजेक्टचा नंबर पाठवा, मग येतो." माझ्या ओळखीत तिघांनी टाकला, दोघांना पाच मिनिटांत उत्तर आलं, तिसऱ्याचा नंबर एजंटने ब्लॉक केला, आणि त्या तिसऱ्याने त्याच रविवारी दुसऱ्या एजंटकडून घर बघितलं.